स्पोर्ट्स कारचं ट्यूनिंग आणि स्पेशल एडिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महागड्या स्पोर्ट्स कारबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे.

१. ट्यूनरकडची (म्हणजे गाडीचं इंजिन किंवा रूप बदलून देणाऱ्याकडची) गाडीही बदललेली आणि कंपनीची स्पेशल एडिशनही बदललेली. मग फरक काय?

फरक जबाबदारीचा आहे. कंपनीने एडिशन काढली की चाचण्या, प्रदूषणाची मान्यता, वॉरंटी आणि पुढे अनेक वर्षं सुटे भाग पुरवणं हे सगळं कंपनीच्या अंगावर येतं. बाहेरच्या ट्यूनरने काम केलं तर तो लिहून देईल तेवढीच जबाबदारी त्याची, बाकीची मालकाची. म्हणून ट्यूनर निवडताना त्याने किती हॉर्सपॉवर वाढवून दिली हे विचारण्याआधी तो कागदावर काय लिहून देतो ते विचारा.

या दोन्हींत एक तिसरा प्रकार मिसळला जातो. फेरारीचा टेलर मेड, पोर्शेचा एक्सक्लुझिव्ह मानुफाक्टुर, लॅम्बोर्गिनीचा अ‍ॅड पर्सोनम, मॅक्लारेनचा एमएसओ हे कंपनीचेच विभाग ग्राहकाच्या आवडीचा रंग, लेदर, शिलाई, कार्बनचे भाग करून देतात. अशी गाडी जगात एकच असू शकते, पण म्हणून ती एडिशन होत नाही.

२. एएमजी, अल्पिना, रूफ हे ट्यूनर आहेत की कंपन्या?

तिघेही ट्यूनिंगमधून वर आले आणि तिघांची वाट वेगळी झाली. हान्स वेर्नर आउफरेख्ट आणि एरहार्ड मेल्शर यांनी १९६७ मध्ये एएमजी सुरू केली. १९७१ च्या स्पा २४ तासांच्या शर्यतीत त्यांची भलीमोठी लाल मर्सिडीज ३०० एसईएल दुसरी आली आणि नाव झालं. १९९९ मध्ये डेमलर क्रायस्लरने बहुसंख्य हिस्सा घेतला, २००५ मध्ये उरलेलाही. आज एएमजी म्हणजे मर्सिडीजच.

अल्पिना १९६५ पासून बीएमडब्ल्यूवर काम करत आली. जर्मनीत १९८३ पासून तिला स्वतंत्र कार उत्पादक म्हणून मान्यता होती, आणि हा ब्रँड बीएमडब्ल्यू घेत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. रूफला अशी मान्यता १९८१ मध्ये मिळाली आणि ती अजूनही स्वतंत्र आहे.

ही मान्यता गाडीवर चक्क वाचता येते. चॅसी नंबर पाहा. पोर्शे ९११ चा नंबर डब्ल्यूपी-शून्य ने सुरू होतो. रूफने कोरी बॉडी घेऊन स्वतः बांधलेल्या गाडीचा नंबर डब्ल्यू-शून्य-नऊ ने सुरू होतो, कारण तिसऱ्या जागेवरचा ९ हा वर्षाला अगदी थोड्या गाड्या बनवणाऱ्या उत्पादकांसाठी असतो. मालकाने आपली पोर्शे नेऊन रूफकडून बदलून घेतली असेल तर नंबर पोर्शेचाच राहतो. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, किंमत मात्र खूप वेगळी असते. १९८७ ची पिवळी सीटीआर या फरकाचं सर्वांत महाग उदाहरण आहे. रूफच्या नंबरवर अशा जेमतेम तीसेक गाड्या बनल्या, बाकीच्या ग्राहकांच्या गाड्या बदलून केल्या.

३. स्टेज १, स्टेज २, स्टेज ३ म्हणजे काय? कुठे ठरलेलं आहे का?

कुठेही ठरलेलं नाही. साधारण रूढ अर्थ असा: स्टेज १ म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, स्टेज २ म्हणजे सॉफ्टवेअरसोबत डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), इनटेक (हवा आत घेणारा भाग), इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग), आणि स्टेज ३ म्हणजे मोठा टर्बो व त्यासोबत इंधनपुरवठा आणि क्लच. एकाचं स्टेज २ दुसऱ्याचं स्टेज १ असू शकतं. नावाऐवजी बदललेल्या पार्ट्सची यादी मागा.

४. रिमॅप केल्यावर इंजिनात नक्की काय बदलतं? कंपनीने ती ताकद आधीच का दिली नाही?

रिमॅपमध्ये ईसीयूमधले (इंजिनच्या संगणकामधले) तक्ते बदलतात: टर्बोचा बूस्ट (हवा कोंबण्याचा दाब) किती, ठिणगी कधी पडणार, इंधन किती, गिअरबॉक्सला जास्तीत जास्त किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचा. टर्बो इंजिनात बूस्ट वाढवला की सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते, त्यामुळे फक्त सॉफ्टवेअरवर २० टक्क्यांच्या आसपास वाढ मिळणं नेहमीचं आहे.

कंपनी ही ताकद मुद्दाम राखून ठेवते. तिची गाडी कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर, भर उन्हाळ्यात, उंच घाटात, कधीतरी सर्व्हिस चुकवणाऱ्या मालकाकडेही चालली पाहिजे आणि प्रदूषणाच्या मर्यादेतही राहिली पाहिजे. दुसरं कारण विक्रीचं. मर्सिडीज-एएमजी जीटीमध्ये एकाच चार लिटर व्ही८ कुटुंबातलं इंजिन साध्या मॉडेलमध्ये ४६२ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देत होतं आणि जीटी आरमध्ये ५८५. वरच्या मॉडेलला जागा ठेवण्यासाठी खालचं मॉडेल आवळून ठेवतात.

रिमॅपमध्ये तुम्ही खर्च करता ती हीच राखीव ताकद. ठिणगी पुढे ओढली आणि पेट्रोल त्या लायकीचं नसेल तर मिश्रण वेळेआधी स्वतःहून पेटतं. याला नॉकिंग म्हणतात. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ठिणगी मागे घेतो, म्हणून इंजिन वाचतं, पण पैसे मोजलेली ताकदही जाते. चांगला ट्यूनर लॉग काढून दाखवतो: प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी किती अंश मागे घेतली गेली, आत जाणाऱ्या हवेचं तापमान काय होतं. डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) एकच सुंदर आलेख दाखवून लॉग नाकारणाऱ्याकडे मी गाडी देणार नाही. डायनोचा आकडा तर पंख्याच्या हवेवर आणि हवामानासाठी निवडलेल्या करेक्शनवरही हलतो.

गिअरबॉक्सचा प्रश्न लोक विसरतात. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गिअरबॉक्सला टॉर्कची मर्यादा असते. इंजिनचा मॅप बदलला आणि गिअरबॉक्सचा तसाच ठेवला तर एकतर गिअरबॉक्स टॉर्क कापतो, नाहीतर क्लच घसरून झिजतो.

५. माझ्या गाडीला टर्बो नाही. रिमॅपने फायदा होईल का?

फारसा नाही. बूस्टच नसल्याने वाढवण्यासारखं थोडंच उरतं. ९९२ पिढीची (पोर्शे ९११ च्या पिढ्यांना असे क्रमांक असतात) ९११ जीटी३ चार लिटरमधून ५१० पीएस काढते आणि ९,००० आरपीएमपर्यंत जाते. अशा इंजिनात सॉफ्टवेअरने सापडतील ते मोजके हॉर्सपॉवर. ट्रॅकवर वेळ कमी करायचा असेल तर तेच पैसे टायर, ब्रेक पॅड, अलाइनमेंट आणि ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणावर घाला.

६. सर्व्हिसला नेण्याआधी मूळ फाइल परत टाकली तर कळतं का? वॉरंटी जाते का?

बहुतेक वेळा कळतं. अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची नोंद राहते आणि सॉफ्टवेअरची बेरीज कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहता येते. आउडी-फोक्सवॅगन गटात बदललेली गाडी सापडली की तिच्या नावापुढे टीडी१ ही खूण पडते. मग ती गाडी कुठल्याही डीलरकडे नेली तरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या दाव्यांवर प्रश्न उभा राहतो. मध्ये लावायचा पिगीबॅक बॉक्स काढून टाकता येतो, पण नेहमीपेक्षा जास्त बूस्ट किंवा टॉर्क नोंदला गेला असेल तर तो आत राहतो.

वॉरंटी पूर्ण जाते का, हे देशाच्या कायद्यावर आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे निव्वळ बाहेरचा पार्ट बसवला म्हणून सगळी वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाडाचा त्या पार्टशी संबंध असावा लागतो. दरवाजाची काच बंद पडली तर रिमॅप आड येणार नाही. टर्बो गेला तर येईल, आणि तिथे वाद घालायला फारशी जागा नसते.

फाइल लपवून वॉरंटीचा दावा करणं ही फसवणूक आहे. तो मार्ग विचारू नका. वॉरंटी हवी असेल तर कंपनीशी जोडलेला ट्यूनर शोधा. पोर्शेसाठी मँथाय हे उदाहरण आहे. या रेसिंग संघात पोर्शेचा ५१ टक्के हिस्सा आहे आणि त्यांचे किट पोर्शेमार्फत मिळतात. २०२१ मध्ये मँथाय किट लावलेल्या ९११ जीटी२ आरएसने जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकच्या २०.८३२ किलोमीटरच्या फेरीत ६ मिनिटं ४३.३ सेकंद दिले, ते इंजिनची ताकद न वाढवता, सस्पेन्शन, गाडीला खाली दाबणारी हवा आणि टायर यांच्या जोरावर.

७. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप लावला तर आवाज आणि ताकद दोन्ही वाढतील ना?

आवाज नक्की वाढेल. ताकद टर्बो गाडीत थोडी वाढते, मॅप त्याप्रमाणे बदलला तर. पण कॅटलिटिक कन्व्हर्टर काढणं बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीसाठी बेकायदा आहे. अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली तो विकणारा आणि बसवणाराही अडकतो. मागचा ऑक्सिजन सेन्सर फसवून इंजिनचा दिवा बंद ठेवण्याची युक्ती त्याच गुन्ह्यात येते. आवाज हवा असेल तर कॅटच्या मागचा भाग बदला, व्हॉल्व्ह असलेला घ्या आणि ट्रॅकच्या डेसिबल मर्यादा आधी तपासा. मोठ्या आवाजामुळे फाटकावरूनच परत पाठवलेल्या गाड्या कमी नाहीत.

८. मोठी चाकं बसवायची आहेत. काय तपासू?

बोल्टचं वर्तुळ, मधलं छिद्र, वजन आणि ऑफसेट. ऑफसेट म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून ते जिथे हबवर टेकतं तिथपर्यंतचं अंतर. ते चाकाच्या आतल्या बाजूला ईटी असं कोरलेलं असतं. ईटी ५० च्या जागी त्याच रुंदीचं ईटी ३५ लावलं तर चाक १५ मिलिमीटर बाहेर येतं. रुंदी ११ इंचांवरून १२ केली आणि ईटी तेच ठेवलं तर दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढतात, म्हणजे आत सस्पेन्शन आणि बाहेर फेंडर (चाकावरचा पत्रा), दोन्ही मोजावे लागतात. सिरॅमिक ब्रेकचे कॅलिपर मोठे असतात, स्पोकशी अंतर पुन्हा मोजा.

चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या परिघाचं गुणोत्तर मूळ गाडीसारखंच ठेवा, नाहीतर मधला क्लच सतत घसरत राहतो. टायरवर कंपनीची खूण असते: पोर्शेसाठी एन०, एन१, फेरारीसाठी के१, मर्सिडीजसाठी एमओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा. एकाच नावाचा टायर खुणेसह आणि खुणेशिवाय वेगळा वागू शकतो. निदान एका गाडीवर दोन प्रकार मिसळू नका.

सेंटर लॉकवाल्या (मधल्या एकाच नटाने चाक धरणाऱ्या) गाड्यांसाठी एक सूचना. ९९१ पिढीच्या जीटी३ चा मधला नट ६०० न्यूटन मीटरला आवळतात. साध्या पंक्चरच्या दुकानात हे काम करू देऊ नका.

९. कार्बनचं बॉडीकिट आणि मोठी विंग लावली तर गाडी जास्त चिकटून चालेल का?

उलटही होऊ शकतं. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो. नुसत्या मागच्या विंगने मागचा भाग दाबला तर पुढची चाकं हलकी होतात आणि वेगात स्टिअरिंग बोथट होतं. ९९२ जीटी३ आरएस २०० किलोमीटर वेगाला ४०९ किलो दाब तयार करते, आणि त्यासाठी पोर्शेने पुढचे रेडिएटर हलवून पुढच्या भागात हवेची वाट केली. विंग ही त्या कामाची फक्त दिसणारी बाजू आहे. हवेची चाचणी न केलेलं किट दिसण्यासाठी घ्यायला हरकत नाही, पण दाबाच्या दाव्याला आकडे मागा.

कार्बनही सगळा सारखा नसतो. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) भाजलेला प्रीप्रेग (आधीच रेझिन भिनवलेल्या कार्बनचा) भाग उचलल्यावरच हलका लागतो आणि आतली बाजूही स्वच्छ असते. फायबरग्लासवर कार्बनचा एक थर चिकटवलेला भाग उलटा करून पाहिला की लगेच ओळखू येतो.

फेंडर कापून बसवायचं रुंद किट हा वेगळा निर्णय आहे. रॅप (रंगीत फिल्म) निघतो, स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पट्टी) निघतो. कापलेला पत्रा परत येत नाही.

१०. दुसऱ्या, महागड्या मॉडेलसारखं दिसणारं किट कायदेशीर आहे का?

यावर युरोपीय न्यायालयाचा निकालच आहे. फेरारीने २ डिसेंबर २०१४ रोजी फक्त ट्रॅकसाठीच्या एफएक्सएक्स के ची छायाचित्रं प्रसिद्ध केली. नंतर मॅन्सरी डिझाइन या ट्यूनरने फेरारीच्याच ४८८ जीटीबीला तसा चेहरा देणारं किट काढलं. फेरारी कोर्टात गेली. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की पूर्ण गाडीचं छायाचित्र प्रसिद्ध झाल्यानेही तिच्या एखाद्या भागाच्या डिझाइनला संरक्षण मिळू शकतं, तो भाग छायाचित्रात स्पष्ट दिसत असेल आणि त्याला स्वतःचं रूप असेल तर. म्हणजे बॉनेटच्या एका भागासाठी वेगळी नोंदणी नव्हती, हा बचाव आपोआप चालत नाही. दुसऱ्या मॉडेलचा बॅज लावून गाडी विकणं तर सरळ फसवणूक आहे.

११. एडिशनचे आकडे कुठून येतात? ९९१ किंवा १,९६३ असे विचित्र का?

पूर्वी आकडा शर्यतीच्या नियमातून यायचा. १९७२ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या ५०० गाड्या बनवणं स्पर्धेच्या मान्यतेसाठी भाग होतं. त्या खपतील का याचीच कंपनीला शंका होती. शेवटी १,५८० विकल्या गेल्या. हलका पत्रा, मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर, सगळं शर्यतीसाठी होतं. माझ्या मते आजही हीच खऱ्या एडिशनची कसोटी आहे: तिच्यात काहीतरी कारणासाठी बदललेलं असावं.

आता आकडा बहुधा आठवणीचा असतो. २०१६ ची ९११ आर ९९१ गाड्यांची, कारण ती ९९१ पिढीची. ९११ एस/टी १,९६३, कारण ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये दिसली. लॅम्बोर्गिनीची सियान ६३, कारण कंपनी १९६३ ची. फेरारीच्या ला फेरारीच्या ४९९ बनल्या आणि ५०० वी इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये ७० लाख डॉलरला लिलावात गेली.

१२. कोणती एडिशन किंमत धरून ठेवते?

जिचं वेगळेपण कंपनी पुन्हा विकू शकत नाही ती. ९११ आर हा धडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. जीटी३ आरएसचं चार लिटर इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, विंग नाही आणि वजन १,३७० किलो. हाताने गिअर टाकायची ९११ जीटी तेव्हा दुसरी नव्हती, म्हणून भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेले. २०१७ मध्ये पोर्शेने जीटी३ टूरिंग आणली: मॅन्युअल, विंगशिवाय, आणि संख्येची मर्यादा नाही. ९११ आरचे भाव खाली आले. गाडी तीच होती, तिचं एकटेपण गेलं होतं.

रंग, पट्टे आणि डॅशबोर्डवरची नंबरची पाटी एवढ्यावर उभी असलेली एडिशन आवडली तर जरूर घ्या, पण जास्तीच्या किमतीला गुंतवणूक समजू नका.

१३. गाडी माझी असताना कंपनी मला ती विकण्यापासून अडवू शकते का?

करारात तसं असेल तर हो. फोर्ड जीटीच्या खरेदीदारांनी दोन वर्षं गाडी न विकण्याचं मान्य केलं होतं. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना याने ती लवकर विकली, फोर्डने २०१७ मध्ये दावा लावला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. सही करण्याआधी पुनर्विक्रीचं कलम वाचा. दुसऱ्या मालकानेही ते वाचावं.

१४. लिमिटेड एडिशनला ट्यून करू का?

परत जागेवर येईल तेवढंच करा. पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म), एक्झॉस्टचा मागचा भाग, ब्रेक पॅड, ट्रॅकसाठी चाकांचा दुसरा संच चालेल. मूळ पार्ट खोक्यात घालून, पार्ट नंबरच्या लेबलसह ठेवा. कापणं, ड्रिल करणं आणि पूर्ण रंग बदलणं टाळा. गाडी जन्मभर स्वतःकडेच ठेवणार असाल तर हा नियम मोडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१५. एडिशन खरी आहे हे कसं ओळखायचं?

पाटी आणि स्टिकर बाजूला ठेवा, नंबर वाचा. साध्या ९११ वरून बनवलेल्या आरएस २.७ जगात भरपूर फिरतात. खऱ्या गाडीचा चॅसी नंबर ९११३६० ने सुरू होतो आणि इंजिनचा प्रकार ९११/८३ असतो. त्यानंतर कंपनीच्या नोंदी पाहा. फेरारीचा क्लासिके विभाग आणि लॅम्बोर्गिनीचा पोलो स्टोरिको जुन्या गाड्यांना प्रमाणपत्र देतात. इंजिन बदललेलं असेल तर ते कागदावर येतं. पत्रा कापून नंबर दुसरीकडून वेल्ड केला आहे का, हे पाहायला मात्र माणूसच लागतो.

१६. ट्यून केलेली गाडी सेकंडहँड घेताना आधी काय मागू?

बिलं, मूळ पार्ट आणि ईसीयूचा पूर्ण रिपोर्ट, याच क्रमाने. पोर्शेच्या रिपोर्टमध्ये ओव्हररेव्हच्या (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरल्याच्या) सहा पायऱ्या असतात. खालच्या पायऱ्यांमधल्या नोंदी लिमिटरला (इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेला) टेकल्याच्या, त्यांचं फार मनावर घेऊ नका. चौथ्या ते सहाव्या पायरीतली नोंद म्हणजे मॅन्युअल गाडीत पाचव्याऐवजी तिसरा पडल्यासारखी घटना. लिमिटर तिथे काही करू शकत नाही. शेजारी ती कितव्या तासाला घडली हेही असतं. इंजिनचे एकूण तास वाचून वजाबाकी करा. ती घटना दोनशे तासांपूर्वीची असेल आणि कॉम्प्रेशन व लीकडाउन चाचणी (सिलिंडर दाब किती धरून ठेवतात ते पाहणारी) चांगली असेल तर गाडी घेता येते. दोन तासांपूर्वीची असेल तर थांबा.

१७. विमा कंपनीला सांगावं लागतं का?

हो, रॅपसुद्धा. जर्मनीत मंजुरीशिवाय आणि कागदपत्रांत नोंद न करता केलेल्या काही बदलांमुळे गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच जाऊ शकते. सांगताना पार्ट्सची किंमतही कळवा, नाहीतर भरपाई मूळ गाडीचीच मिळेल.

१८. सिंगरची ९११ म्हणजे पोर्शेची स्पेशल एडिशन का?

नाही. रॉब डिकिन्सन यांची कॅलिफोर्नियातली सिंगर कंपनी ग्राहकाची ९६४ पिढीची ९११ पूर्ण सोडवून नव्याने बांधते. चॅसी नंबर पोर्शेचाच राहतो. सिंगरच्या डीएलएस या प्रकाराच्या ७५ गाड्यांची मर्यादा सिंगरची, पोर्शेची नाही. ९६४ चे किती नंबर यात खर्ची पडतात याचं काहींना दुःख होतं, आणि ते मला समजतं. पण काम पाहिलं की ते का केलं हेही समजतं.

१९. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने ट्यूनिंग केलं आहे. मूळ रूपात परत आणू का?

काम कोणी आणि कधी केलं, यावर सगळं आहे. अनामिक गॅरेजचं काम असेल आणि मूळ पार्ट मिळत असतील तर परत आणा. पण मर्सिडीजने विकत घेण्याआधीच्या काळात एएमजीने स्वतः बदललेली गाडी असेल तर हात लावू नका. १९८० च्या दशकात मोठं व्ही८ बसवलेल्या सेडान, ज्यांना हॅमर म्हणतात, आज त्या बदलांसाठीच शोधल्या जातात. अशा गाडीत मूळ मर्सिडीज ३०० ई चं सहा सिलिंडर इंजिन परत बसवलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने साधी ३०० ई तयार कराल. अडचण एवढीच की तेव्हा एएमजीचे भाग सुटेही विकत मिळायचे आणि कोणीही बसवून घ्यायचा. म्हणून आधी मूळ बिल किंवा एएमजीचं पत्र शोधा, इंजिनावरचे शिक्के पाहा, आणि हे हाती येईपर्यंत गाडीचा एकही नट सोडवू नका.